दोंडाईच्यात काही मोडत नाही

सायकल मोडली की माणूस आधी सायकलीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. त्या बघण्यात राग असतो. अरे बाबा, खड्ड्यात तू घातलीस, मी नाही! पण हे तोंडावर म्हणायचं नसतं. मी टेम्पोतून उतरतो, गुडघ्यावर हात टेकून वाकतो आणि म्हणतो, "काही नाही झालं, बघू." तेवढ्यानेच समोरच्याचा चेहरा जरा सैल पडतो, आणि मग मला काम करता येतं.

मी रफिक मिस्तरी, चाळीसगावचा. दर वर्षी थंडीत जळगावची हौशी सायकलवाली मंडळी लांबच्या सफरीला निघतात. त्यांत डॉक्टर असतात, मास्तर असतात, वकील, बँकेतून सुटलेले साहेब, रावेरकडचे केळीवाले शेतकरीही असतात. जळगावहून धुळे, मग नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत गुजरातेत उतरायचं, समुद्राला पाय लावायचे आणि रेल्वेने परत यायचं, असा बेत. सगळ्यांच्या मागे एक छोटा टेम्पो असतो. तो गुलाब चालवतो. हौद्यात ट्यूब, टायर, चेन, तारा, ग्रीसचा डबा, पाने आणि मी. गुलाब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "या सामानात सगळ्यात जुना पार्ट आमचे रफिकभाऊ."

सफरीच्या म्होरक्या पाटील मॅडम. शाळेत खेळाच्या बाई होत्या, अजून शिट्टी गळ्यात असते. त्यांचा कायदा असा, की टेम्पो सगळ्यात शेवटच्या सायकलीच्या मागे राहील आणि सायकल मोडली तरच थांबेल. चहाला थांबणार नाही, कोणाच्या भेटीला तर नाहीच नाही. "रफिकभाऊ, तुमच्या ओळखी गावोगाव," त्या म्हणतात. "प्रत्येकाकडे टेकलो तर समुद्र आटून जाईल."

या अंकाच्या संपादकबाईही आमच्याबरोबर सायकल मारतात. त्या म्हणाल्या, रस्त्यात काय काय मोडतं आणि तुम्ही ते कसं जोडता, ते लिहून द्या. लिहितो. पण खरं सांगू का? मोडलेल्या सायकलींबद्दल मी आयुष्यभर बोलत आलोय. मला लिहायचंय ते एका गावात न मोडलेल्या सायकलींबद्दल. त्या गावात माझा दोस्त भिकन राहतो. किती वर्षं झाली, मला त्याच्यासमोर जाऊन बसायचंय. बस, एवढंच.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

सगळ्यात जास्त होतं ते पंक्चर. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे, वर शेतातून ट्रॅक्टरबरोबर आलेले सराटे. नवखा माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो, ऐटीत निघतो आणि जरा पुढे गेला की पुन्हा बसतो. मग शिव्या ट्यूबवाल्या कंपनीला. अरे, काटा टायरमध्येच बसलाय ना! बोटाने शोधायला गेलात तर बोट फाटतं. मी कापसाचा बोळा घेतो आणि टायरच्या आतून फिरवतो. काटा असेल तिथे कापूस अडकतो. हे मला माझ्या अब्बांनी शिकवलं. कापूस सगळीकडे मिळतो, पण मी खिशात आपल्याकडचाच ठेवतो. का, ते विचारू नका.

सुरुवातीच्या वर्षांत टेम्पो नव्हता. मी एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचो आणि झोळीत मावेल तेवढंच सामान. एकदा पारोळ्याच्या अलीकडे झोळीतल्या ट्यूबा संपल्या आणि नेमकी दातांच्या डॉक्टरांची सायकल बसली. गाव लांब, ऊन डोक्यावर. शेजारच्या शेतात कडबा रचून ठेवलेला. शेतकऱ्याला विचारून पेंढी घेतली, पानं बारीक केली आणि टायरमध्ये ठासून ठासून भरली. डॉक्टर म्हणाले, "मिस्तरी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही दातात भरता, मी टायरात भरतो. बसा." बसले. हबके खात, कण्हत पारोळ्यापर्यंत गेले. चौकात एक शेळी मागे लागली ती दुकान येईपर्यंत सुटली नाही. डॉक्टर अजून ही गोष्ट सांगतात, फक्त दर वर्षी शेळ्या वाढत जातात.

गेअरचं वेगळं. नव्या सायकलींचं मागचं गेअर एका नाजूक पट्टीवर लटकलेलं असतं. सायकल त्या अंगावर पडली की पट्टी वाकते, वरून काही दिसत नाही, आणि चढावर गेअर बदलायला गेलात की ते सरळ चाकाच्या तारांत घुसतं. खाड्! जळगावच्या एका इंजिनिअर मुलीचं धुळ्याच्या अलीकडे असंच झालं. ती रस्त्यातच बसून रडायला लागली. माझ्याकडे पट्टी नव्हती. मी गेअर काढून पिशवीत घातलं, चेन तोडून आखूड केली आणि एकाच दातेरी चक्रावर चढवून दिली. ती म्हणाली, "काका, एवढे गेअर घेतले आणि तुम्ही एकच ठेवला!" मी म्हटलं, "ताई, आता बदलायची कटकट नाही. फक्त पायडल मार." तिने मारलं, आणि नंदुरबारपर्यंत सगळ्यांना शिव्या देत, पण पोचली. गाडीत बसली नाही. मला अशी माणसं आवडतात.

राहिलं चाक. चाक हा माझा विषय नव्हता. चाक भिकनचं.

भिकन आणि मी दोघंही माझ्या अब्बांच्या हाताखाली शिकलो. पुढे अब्बा गेले तेव्हा चाळीसगावचं दुकान आम्ही दोघांनी मिळून चालवलं. तो शिंदखेड्याकडचा, बोलणं अस्सल अहिराणी. आमच्या घरात वेगळी बोली, पण त्याच्याशी मी अहिराणीतच बोलायचो. चेन, गेअर, छर्रे, ब्रेक माझ्याकडे. चाक त्याच्याकडे. चाक सरळ न फिरता डावीउजवीकडे डोललं की आम्ही त्याला 'आऊट' म्हणतो. रिमला प्रत्येक तार आपल्या बाजूला ओढत असते. इकडची तार आवळायची, तिकडची सैल करायची, असं करत करत आऊट काढावा लागतो. बाकीचे मिस्तरी डोळ्याने काढतात. भिकन नखाने तार छेडायचा, मान तिरकी करून ऐकायचा, आणि नेमकी तीच तार धरायचा. कसं कळतं रे, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "ती सांगस ना." म्हणजे ती सांगते.

आणि गर्व केवढा! एका गिऱ्हाइकाने एकदा नवीन बांधलेलं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "जरासा आऊट वाटतोय." भिकन उठला. पाना घेतला, अख्खं चाक सोडलं, तारा पिशवीत भरल्या आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "ली जाय. तूच बांध." शेवटी मी त्या माणसाला चहा पाजला आणि भिकनला आत नेलं. भिकनच्या चाकात आऊट आहे असं म्हणायची त्यानंतर चाळीसगावात कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

नवीन चाक बांधायची आमच्या दुकानात एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. बाकीकडे एकटा मिस्तरी चाक बांधतो. आमच्याकडे दोघं समोरासमोर पाटावर बसायचो, चाक मध्ये. तो तिकडून तार घालायचा, मी इकडून तिच्या टोकावर निपल, म्हणजे तार आवळायचा बारका नट, फिरवायचो. हात आपले आपले चालायचे, तोंडं मोकळी. त्या चाकांवर आम्ही काय नाही बोललो! त्याचं लग्न ठरलं ते चाकावर, माझ्या मुलीचं नाव ठरलं ते चाकावर. भांडणंही चाकावरच व्हायची, पण चाक मध्ये असल्यामुळे कोणाला उठून जाता यायचं नाही.

मग रस्ता रुंद झाला आणि दुकान गेलं. त्याच्या सासरच्यांनी दोंडाईच्याला स्टेशनाकडे जागा देऊ केली. तो म्हणाला, तू चल. मी म्हटलं, तू थांब. माझी म्हातारी आई चाळीसगावात, घर चाळीसगावात, मी कुठे जाणार? दोघंही एकेकदाच बोललो. दुसऱ्यांदा कोणीच बोललं नाही. जायच्या दिवशी त्याने सामान गाडीत घातलं आणि म्हणाला, "काम अडनं का येजो."

त्याने प्रेमानेच म्हटलं असणार. आज कळतं. तेव्हा माझं डोकं सटकलं. माझं काम अडेल असं याला वाटतंच कसं? मी चाक शिकलो. रात्रंदिवस शिकलो. त्याच्याएवढा झालो नाही, पण काम अडू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग नुसतं भेटायला जायचं होतं की. इथेच तर गंमत आहे. आमच्या धंद्यात रीत आहे, मिस्तरी दुसऱ्या मिस्तरीच्या दुकानावर मोकळ्या हाताने जात नाही. गेला तर तो धंदा बघायला आला, गिऱ्हाईक जोखायला आला असं होतं. जायचं तर अडलेलं काम घेऊन जायचं. 'हे माझ्याने होईना, तू बघ,' असं म्हणायचं. मग समोरचा पाट सरकवतो. आता मी तोवर आयुष्यात कोणापुढे 'होईना' म्हटलेलं नव्हतं. तो अडलेल्या कामाची वाट बघतोय आणि माझं काम अडत नाही. सांगा, मी काय करू?

फोन आहे ना, असंही म्हणाल. आहे. रोज सकाळी त्याच्याकडून गुलाबाचं फूल येतं, खाली 'शुभ सकाळ'. मी शुक्रवारी 'जुम्मा मुबारक'चं चित्र पाठवतो, दिवाळीला पणतीचं. लग्नांच्या पत्रिकाही आल्यागेल्या, लग्नांना घरची माणसं जाऊन आली, आम्ही दोघं आपापल्या गावात बसलो. फुलावर काय बोलायचं? मला त्याची आठवण येते. रोज येते. दुकानात एकटा चाक बांधायला बसलो की हात तार धरून थांबतो, पलीकडून कोणीतरी निपल लावेल म्हणून.

म्हणून मी या सफरीला जातो. पैशासाठी जातो असं घरी सांगतो, बायको मान डोलावते, तिला सगळं माहीत आहे. सफर दोंडाईच्यातून जाते. रस्त्यावरूनच भिकनचं दुकान दिसतं. निळं शटर, बाहेर टांगलेली टायरं, आणि आत कशावर तरी वाकलेला भिकन. दर वर्षी पाठच दिसते. एका वर्षी पाठीवरचा सदरा ढगळ झालेला दिसला, म्हणजे वाळला होता. पुढच्या वर्षी डोक्यावर पांढरं दिसलं. टेम्पो हळूहळू जातो, मी मान वळवून बघत राहतो, आणि मग मध्ये एक दवाखान्याची पाटी येते.

आता मिस्तरीने काय मागावं? सकाळी नमाजात मी सगळ्यांच्या सुखरूप प्रवासाची दुआ मागतो. अगदी मनापासून. आणि शेवटी हळूच म्हणतो, या अल्ला, दोंडाईच्यात एक. लहानसं. कोणाला लागू नये, फक्त मोडावं.

पण नाही! एका वर्षी दोंडाईच्याच्या अलीकडे, शिंदखेड्याला चेन तुटली. मी म्हटलं, सरकत सरकत येतंय. पुढच्या वर्षी दोंडाईचा ओलांडलं, शेवटची घरं संपली आणि फाट्! टायर फुटलं. गुलाबला म्हटलं, गाडी मागे घेऊ या का, गावात चांगलं टायर मिळेल. तो म्हणाला, "भाऊ, मागे टायरांचा ढीग पडलाय." गाढव! दोंडाईच्याचा रस्ता दर पावसाळ्यात खराब होतो आणि दर थंडीत, आम्ही यायच्या आधी, दुरुस्त होतो. अख्ख्या जिल्ह्यात ही तत्परता फक्त तिथेच.

एकदा मोह झाला, तोही सांगतो. धुळ्याच्या मुक्कामी सकाळी मी प्रत्येक सायकल तपासतो. एका सायकलीच्या मागच्या चाकावर हात होता. दोनचार निपल थोडेथोडे सैल केले असते तर चाक बरोबर दोंडाईच्याच्या आसपास डोलायला लागलं असतं. एवढा हिशोब मला येतो. हात शिवशिवला. पण त्या सायकलीवर बसून माणूस ट्रकच्या शेजारून जाणार असतो. हात काढून घेतला आणि उलट सगळ्या तारा दोनदा तपासल्या. ती सायकल समुद्रापर्यंत कुरकुरली नाही.

गेल्या थंडीत आमच्यात चौधरी आबा होते. रावेरकडचे, केळीचे बागाईतदार, वय माझ्यापेक्षा जास्त, सायकल मुलाने घेऊन दिलेली, भारीतली. आदल्या वर्षी दमून टेम्पोत बसले होते, तर घरच्यांनी आणि गावाने वर्षभर चिडवलं. म्हणून या खेपेला त्यांनी ठरवलेलं की समुद्र येईपर्यंत टेम्पोला हात लावायचा नाही. चहाचा कपसुद्धा टेम्पोच्या फळीवर ठेवत नव्हते.

धुळ्याहून निघालो, नरडाणा मागे पडलं. दोंडाईचा जवळ आलं. त्या दिवसांत तिकडे लाल मिरची वाळत घातलेली असते, रस्त्याच्या कडेला नुसते लाल गालिचे. वारा सुटला की डोळे चुरचुरतात. आबा शेवटी होते, आम्ही त्यांच्या मागे. मी बघत होतो. आबांना एक शिंक आली, दुसरी आली, तिसऱ्या शिंकेला डोळे मिटले आणि सायकल धाडकन खड्ड्यात गेली. त्या रस्त्यावर तेवढा एकच खड्डा राहिला असेल. तो आबांनी शोधला.

उडी मारून पोचलो. आबांना खरचटलंसुद्धा नव्हतं. पुढचं चाक वाकलं होतं, चिमट्याला घासत होतं. समोर गाव दिसत होतं, पाण्याची टाकी दिसत होती. माझं काळीज असं उडायला लागलं की गुलाबने विचारलं, "भाऊ, पडले आबा, थरथरताय तुम्ही?"

खरं सांगायचं तर काम किरकोळ होतं. चाक काढायचं, गुडघ्यावर ठेवून दाब द्यायचा, काही तारा आवळायच्या, काही सोडायच्या. याहून वाकडी चाकं मी उभ्या उभ्या सरळ केलीत. हातात पाना आलाही होता. आबा धूळ झटकत म्हणाले, "रफिकभाऊ आहेत, मला काय चिंता!"

तेवढ्यात पुढून पाटील मॅडमही सायकल वळवून आल्या. "होईल ना?" त्यांनी विचारलं.

मी पाना खिशात ठेवला. म्हटलं, "नाही मॅडम. हे माझ्याने होणार नाही."

गुलाबने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलंय. मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली. "मग जादा चाक द्या," त्या म्हणाल्या. ते आदल्या दिवशीच धुळ्यात दुसऱ्याला दिलं होतं. "मग आबा, तुम्ही टेम्पोत..." हे ऐकून आबांचा चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली. मी घाईघाईने म्हटलं, "टेम्पो कशाला? दोंडाईच्यात एक मिस्तरी आहे. चाकाचा. माझ्यापेक्षा भारी."

हे मी कधी कोणापुढे बोललो नव्हतो. पण खरं होतं, म्हणून जीभ अडखळली नाही. मॅडमनी फटकन ठरवलं की टेम्पो बाकीच्यांबरोबर पुढे जाईल, पंक्चर गुलाब काढेल, आबा आणि मी चाक करून मागून यायचं. आबा सायकलवर येतील, मी एसटीने. आबा नंदुरबारला दिवे लागायच्या आत पोचले, आणि सायकलीवरच पोचले, हे आताच सांगून टाकतो. नाहीतर तुमचा जीव त्यांच्यात अडकून राहायचा.

आबांनी हँडल धरून सायकल पुढून उचलली, मी चाक खांद्यावर घेतलं, आणि आम्ही चालत गावात शिरलो. निळं शटर दिसलं. आत पाठ दिसली. मी पायरीखाली उभा राहिलो. इतकी वर्षं काय काय बोलायचं ठरवलं होतं! एक शब्द आठवेल तर शपथ. शेवटी तोंडातून आलं ते एवढंच.

"भिकन, हाई माले जमत नही. तू दख."

तो वळला. माझ्याकडे बघितलं नाही, चाकाकडे बघितलं. चाक हातातून घेतलं, आऊट बघायच्या घोडीवर चढवलं, फिरवलं. मग मान तिरकी केली आणि नखाने एकेक तार छेडत गेला. दोनचार तारांशी नख थांबलं. बिघडलेल्या तेवढ्याच होत्या, मलाही माहीत होत्या. त्याला कळलं की हे चाक याला येत होतं. झाकायला काही जागाच नव्हती. मी मान खाली घातली. आता हा आबांदेखत म्हणणार, की हे तर लेकरूही करेल.

भिकन आबांकडे वळला आणि गंभीर तोंडाने म्हणाला, "बेकार काम शे, आबा. बठ्ठ्या तारा सोडना पडतीन."

"बापरे. किती वेळ लागेल?" आबांनी विचारलं.

"चाकले इचारीसन सांगस." चाकाला विचारून सांगतो, म्हणाला. आणि त्याने ते चाक सोडायला घेतलं. चांगल्या, ताठ, धडधाकट अशा सगळ्या तारा एकेक करून सोडल्या आणि फडक्यावर ठेवल्या. मग पायाने एक पाट माझ्याकडे सरकवला.

मी बसलो. चाक मध्ये. त्याने तिकडून तार घातली, मी इकडून निपल फिरवला. इतकी वर्षं मध्ये गेली, पण हात चुकला नाही. त्याचाही नाही, माझाही नाही. बाहेर आबांनी बाकड्यावर बसून भजी मागवली.

पहिल्या काही तारा भरून झाल्या. मग तो बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोलला. आता सायकली कोण चालवतं, म्हणाला, पोरगा पुढच्या बाजूला मोबाईलची कव्हरं विकतो, त्याच्यावर चाललंय. मी माझ्या मुलीबद्दल सांगितलं. मग त्याने विचारलं, "अम्मी कशी शे?"

मी म्हटलं, "गई."

त्याचा हात थांबला. अम्मीने त्याला किती वर्षं जेवायला घातलं होतं. तिच्या हातची डाळगंडोरी तो ताटात बोट फिरवून संपवायचा. रोज फुलं पाठवत होतो आम्ही एकमेकांना, आणि ही खबर त्याला कोणी कळवली नव्हती. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मग पहिल्यांदा नीट माझ्या तोंडाकडे बघून रागावला. भरपूर रागावला.

"एक सायकल मोडाले तुले इतला वरीस लागनात का रे?"

मला हसू आलं आणि डोळे भरले. आबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "मिरची." भिकनही म्हणाला, "मिरची." दोघं खाली बघून तारा भरत राहिलो.

शेवटी चाक झालं. किती हळू करावं, त्यालाही मर्यादा असते. मॅडमचा फोन येऊन गेला होता, आबांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं होतं. भिकनने चाक घोडीवर लावलं आणि फिरवलं. रिम इकडे केसभर नाही, तिकडे केसभर नाही. तसं चाक मी चाळीसगाव सोडून कुठे बघितलं नव्हतं. तो ते फिरताना बघत होता आणि मी त्याला बघत होतो. म्हातारा झाला होता माझा दोस्त. चाक थांबलं की मी उठणार, स्टँडवर जाणार, एसटीत बसणार. पुढच्या थंडीत पुन्हा पाठ.

चाकाचा वेग कमी व्हायला लागला. मी म्हटलं, "भिकन, आऊट शे."

तो एकदम ताठ झाला. आबा पुढे होऊन म्हणाले, "कुठे आहे आऊट? मला तर सरळ दिसतंय." आबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हेल्मेट काढून खिळ्याला टांगलं आणि आणखी एक प्लेट भजी सांगायला गेले.

भिकनने चाकाकडे बघितलं. मान तिरकी करून नखाने एक तार छेडली.

"हां," तो म्हणाला. "शे."

आणि त्याने पाना घेऊन पहिली तार सोडली.